आत्याच्या कादंबरीतला खुनी

प्रिय आत्या,

तुझ्या संपादकबाईंची काल ईमेल आली, म्हणून लिहितेय. तुझ्या शेवटच्या कादंबरीचं शेवटचं प्रकरण लिहायचं राहिलंय. ते त्यांना दुसऱ्या लेखकाकडून लिहून घ्यायचंय. खुनी कोण, एवढं मी सांगायचं! मृत्युपत्रात हक्क तू माझ्या नावावर केलेस. का गं? घरात सगळ्यात घाबरट मीच ना?

लंडनमधल्या स्टॅनमोरच्या तुझ्या घरातलं हीटिंग बंद आहे. कोट न काढताच जेवणाच्या टेबलाशी बसलेय. मला अक्षरं तू इथेच शिकवलीस. पाहिलं नाही ते सांगायचं नाही, हेही.

दर रविवारी तू नवं प्रकरण वाचून दाखवायचीस. खून इंग्लिश खेड्यातला, भांडण मात्र मराठीत!

"ताई, खुनी तो माळीच," बाबा भात कालवता कालवता म्हणायचे.

"झालं! सुटला बिचारा माळी. सुध्याला कळलं म्हणजे जगाला कळलं," तू बाबांना म्हणायचीस.

"मग पुस्तकावर यांचंही नाव घाला की," आई म्हणायची.

आम्ही ज्याच्यावर संशय घेऊ त्याला तू निर्दोष ठरवायचीस, आणि मागची प्रकरणं पुन्हा लिहायला बसायचीस.

शेवटच्या रविवारी बाबा म्हणाले पाद्री, आई म्हणाली विधवा, मी म्हटलं पोस्टमन. तू कुणालाच सोडवलं नाहीस. नुसती पाणी पीत राहिलीस. इतकी वर्षं हॉस्पिटलात काढलेली डॉक्टर तू, तुला स्वतःचं दुखणं कळलं नव्हतं का? वाचकांसमोर प्रत्येक पुरावा मांडणारी तू, आम्हाला मात्र एकही दिसू दिला नाहीस! याचा राग अजून गेलेला नाही.

"सांग ना कुणाचंही नाव," बाबा म्हणतात. "नाहीतर पुस्तक येणारच नाही. ताईची मेहनत वाया घालवणार का?"

हे ऐकलं की मला रात्रभर झोप लागत नाही. पण आत्या, मी जे नाव घेईन ते घरातल्याच कुणी घेतलेलं नाव ना? म्हणजे तुझ्या नियमाने तो माणूस निर्दोष! ज्याला तू सोडवलं असतंस, त्याच्यावरच मी तुझ्या नावाने आळ घेऊ?

उद्या बाईंना कळवते, छापायचं तर तुझ्या शेवटच्या वाक्यापर्यंतच छापा. त्या नाही म्हणतील बहुतेक. बाबा माझ्याशी बोलणार नाहीत. तरी तुला शब्द देते, तू ज्याला पकडलं नाहीस त्याला मी फासावर चढवणार नाही.

तुझी भाची,
जुई