स्नेविकचा उतार आणि माझे अर्धे घर

मी, मधुमती अवधूत सबनीस, वय एकसष्ट, मूळची पुण्याची, सध्या राहणार मँचेस्टर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे, तब्येत बरी आहे, रक्तदाबाची गोळी सकाळी घेतली आहे. कुणी भरीला घातले म्हणून किंवा रागाच्या भरात मी हे लिहीत नाही. राग आहे, पण तो आता जुना झाला आहे. मी आणि अवधूतने पूर्वी एकमेकांच्या नावे केलेल्या मृत्युपत्रांपैकी माझे मृत्युपत्र मी या लेखाने रद्द करते.

हे मराठीत आहे, कारण ज्या घराबद्दल लिहायचे ते घर मराठीत चालले. अधिकृत इंग्रजी भाषांतर सोबत जोडले आहे. दोन्हींत फरक निघाला तर मराठी खरे मानावे.

कलम १. या मृत्युपत्राची अंमलबजावणी माझी मैत्रीण डॉ. निवेदिता शेजवलकर, कार्डिफच्या रुग्णालयातील भूलतज्ज्ञ, हिने करावी. इथे नवऱ्याचे नाव हवे असे तिचेच म्हणणे होते. मी तिला पुढचे कलम वाचायला दिले. मग तिने होकार दिला.

कलम २. सॉलिसिटर बाईंनी बजावले आहे की नवऱ्याला मालकी द्यायची नसेल तर कारण लिहून ठेवा, कारण इथल्या कायद्याप्रमाणे तो कोर्टात दाद मागू शकतो. म्हणून कारण लिहिते. थोडे लांबेल.

नॉर्वेच्या अगदी उत्तर टोकाला स्नेविक नावाचे गाव आहे. मागे डोंगर, पुढे समुद्र, मध्ये मूठभर घरे. त्या डोंगराची जमीन आतून बाराही महिने गोठलेली असते आणि त्या गोठण्यानेच उतार जागेवर राहतो. माझे काम तिथले हवामान मोजण्याचे: बर्फ, पाऊस, वारा, आणि डोंगरात खोल बोअर घेऊन त्यात सोडलेल्या सेन्सरवर जमिनीच्या पोटातले तापमान. वीस वर्षांहून जास्त काळ मी दर वर्षी तिथे जात आले. मी नसताना गावातली शिक्षिका रान्हिल्ड यंत्रांकडे बघायची. आणि अवधूत, जो संख्याशास्त्रज्ञ आहे, तो घरी बसून माझे आकडे तपासायचा. मी आणायचे, त्याने तपासायचे, मग जेवताना भांडायचे. आमचा संसार असाच जमला आणि चांगला जमला, हेही इथे लिहून ठेवते.

एका हिवाळ्यात वादळाने बोअरवरची यंत्राची पेटी फुटली. त्यानंतर जे तापमान येऊ लागले ते इतके चढे होते की मी घाबरले. सेन्सरमध्ये पाणी तर शिरले नसेल? मी घरी आले, बॅगही उघडली नव्हती, स्वयंपाकघरात अवधूतला म्हणाले, “मला माझेच आकडे खरे वाटत नाहीयेत.” त्याने मला बसवले, पिठलं-भात करून वाढला आणि म्हणाला, दुसरा बोअर घे, दोन्ही ताडून बघ. मी तसेच केले. दुसरा बोअरही तेच सांगू लागला. जमीन खरोखरच तापत होती, उतार आतून सुटत चालला होता. हे सगळे, फुटलेल्या पेटीसकट, मी शोधनिबंधात छापले. अवधूतचे आभारही त्यात मानले आहेत.

पुढे एका कंपनीला स्नेविकच्या त्याच उताराखाली पर्यटकांच्या बोटींसाठी धक्का आणि हॉटेल बांधायचे होते. परवानगी पालिकेच्या हातात होती. २०२३च्या मे महिन्यात सुनावणी ठरली. मी तेव्हा डोंगरावर असणार होते, पण वरचे काम लवकर आटोपले म्हणून खाली उतरले आणि शाळेच्या सभागृहात रान्हिल्डशेजारी जाऊन बसले. कंपनीचा तज्ज्ञ इंग्लंडहून स्क्रीनवर बोलणार होता.

स्क्रीन लागला आणि त्यावर माझे घर दिसले. आमची मागची खोली, दारावर लटकलेला माझा पिवळा रेनकोट, आणि त्यापुढे इस्त्रीचा शर्ट घालून बसलेला अवधूत. क्षणभर मला वाटले, घरी काही झाले आहे आणि तो मला शोधतो आहे.

तो पंधरा-वीस मिनिटे बोलला. आवाज अगदी शांत होता. “डॉ. सबनीस यांच्या नोंदींवर” किती भरवसा ठेवता येईल, हा त्याचा विषय. पेटी फुटली होती हे त्याने सांगितले. दुसऱ्या बोअरचे सांगितले नाही. अध्यक्षबाईंनी विचारले की तुमचे आणि त्यांचे आडनाव एकच कसे. तो म्हणाला, “त्या माझ्या पत्नी आहेत. म्हणूनच मला आतली गोष्ट ठाऊक आहे. आपलेच आकडे आपल्याला खरे वाटत नाहीत, असं त्यांनी मला स्वतः सांगितलं होतं.”

सभागृहातले लोक माझ्याकडे वळून बघू लागले. रान्हिल्डने माझा हात धरला. मी उठून दुसऱ्या बोअरचे सांगितले, पण जी बाई नवऱ्याजवळ एक बोलते आणि गावाला दुसरे सांगते ती म्हणून मी तिथे उभी होते. पालिकेने थोड्या मतांच्या फरकाने परवानगी दिली.

घरी आले तेव्हा अवधूत चहा टाकत होता. मी विचारले, मला का सांगितले नाहीस. तो म्हणाला की हा आकड्यांचा वाद आहे, घराचा नाही. त्याने नाही म्हटले असते तर दुसरा कुणी बोलला असता. मी म्हणाले, दुसऱ्याला माझ्या स्वयंपाकघरातले वाक्य मिळाले नसते. त्याने गॅस बंद केला. मग म्हणाला, “मधू, तीन वर्षं मला कुणी कामाला बोलावलं नव्हतं. सगळे तुलाच बोलावतात.” हे मला माहीत नव्हते. त्याने कधी सांगितले नाही, आणि मी विचारायला हवे होते असेही कुणी म्हणेल. पण मत्सर वाटणे वेगळे आणि बायकोची एका संध्याकाळची भीती नेऊन विकणे वेगळे.

गेल्या वर्षी सप्टेंबरअखेर तिकडे पावसाची झड लागली. पूर्वी त्या दिवसांत तिथे बर्फ पडायचे. उतार सुटला. अर्धा बांधलेला धक्का, कंपनीच्या केबिनी आणि रान्हिल्डची नावेची शेड समुद्रात गेली. मजूर मोसम संपला म्हणून आदल्याच आठवड्यात घरी गेले होते. ते वाचले ते सुट्टीमुळे, माझ्या वीस वर्षांच्या कामामुळे नाही. मी अवधूतला बातमी सांगितली. त्याने विचारले, “कुणी गेलं नाही ना?” मी नाही म्हणाले. “मग ठीक आहे,” असे म्हणून तो वर्तमानपत्र वाचू लागला. दुसऱ्या दिवशी मी सॉलिसिटरला फोन केला.

कलम ३. मँचेस्टरचे घर दोघांच्या नावावर असे होते की एकाच्या मागे दुसऱ्याला आपोआप सगळे मिळावे. रीतसर नोटीस देऊन मी माझा अर्धा हिस्सा वेगळा केला आहे. नोटीस पोस्टाने आमच्याच दारात पडली आणि अवधूतनेच उचलली. हा हिस्सा मी माझी मुलगी कस्तुरी, राहणार लेस्टर, हिला देते. मात्र श्री. अवधूत गोविंद सबनीस यांना हयातभर त्या घरात राहण्याचा हक्क राहील. त्यांची बायपास झाली आहे, त्यांना जिने चढताना दम लागतो, आणि परक्या जागी त्यांना झोप लागत नाही. त्यांना कुणी बाहेर काढू नये.

कलम ४. माझे दागिनेही कस्तुरीला. तिच्याशी माझा एक हिशेब आहे तो इथेच मिटवते. बाबांनी कंपनीचे काम घेतले आहे हे तिला सुनावणीआधी ठाऊक होते. मी फोनवर विचारले तेव्हा ती रडत म्हणाली, “आई, मला वाटला बाबाने तुला सांगितला असेल. मग मला वाटला, मी सांगितली तर तुमचा भांडण होईल.” ती इथे जन्मली, तिचे मराठी तेवढेच आहे. पण गप्प राहायला मराठी लागत नाही. मला लागायचे ते लागले. तरी ती माझी मुलगी आहे आणि भीतीपोटी गप्प बसली, मोबदल्यासाठी नाही. मी तिला माफ केले आहे. तोंडाने सांगणे जमलेले नाही, म्हणून लिहिले.

कलम ५. माझी सगळी बचत स्नेविकच्या हवामान केंद्राला द्यावी. परवानगीनंतर केंद्राचे अनुदान थांबले, कारण ज्या नोंदींवर खुद्द निरीक्षकाचा विश्वास नाही त्यांना पैसे कोण देणार. पलीकडच्या उताराखाली अजून घरे आहेत आणि तिथे एकही बोअर नाही. पहिला तिथे घ्यावा. माझी यंत्रे, हत्यारे आणि पिवळा रेनकोट रान्हिल्डला द्यावा. तिने मला एकदाही विचारले नाही की तुझा नवरा खरे बोलत होता का.

कलम ६. मराठी मंडळाची मोठी कढई आमच्या गॅरेजमध्ये आहे, ती परत करावी. मंडळाला याहून जास्त काही नाही. गणपतीत मंडळातली शशी म्हणाली होती, “एवढं काय मनाला लावून घेतेस? आकडेच ते.” बाकीच्यांनी माना डोलावल्या आणि मोदक वाढायला घेतले. त्यानंतर मी गेले नाही.

कलम ७. माझे दहन इथेच करावे. अवधूतने यावे, पुढच्या रांगेत बसावे. भाषण मात्र करू नये.

कलम ८. समोरच्याला अंधारात ठेवून काही करायचे नाही म्हणून काल संध्याकाळी या मृत्युपत्राचा कच्चा खर्डा मी अवधूतला वाचून दाखवला. त्यात सुनावणीच्या हकिकतीत एक वाक्य होते. मी असे लिहिले होते की कॅमेरा अध्यक्षबाईंवर होता, मी डोंगरावर आहे असेच अवधूत धरून चालला असणार, आणि मी समोर बसलेली दिसले असते तर तो ते बोलूच शकला नसता. दोन वर्षे मी त्याच्या बाजूने एवढी एक गोष्ट सांभाळून ठेवली होती.

तो शेवटपर्यंत ऐकत राहिला. मग म्हणाला, “ते वाक्य काढ. तू दिसत होतीस.”

मी विचारले, कधीपासून.

“सुरुवातीपासून. खिडकीजवळ बसली होतीस. मला वाटलं, तू मध्येच उठशील आणि मला थांबवशील.”

तो उठून वर गेला, कठड्याला धरून, एकेका पायरीवर थांबत. मी ऐकत बसले.

ते वाक्य मी काढले आहे. घरात राहण्याचा हक्क काढलेला नाही, कारण तो मी त्या वाक्यासाठी दिला नव्हता. कलम ३मध्ये फक्त “माझे पती” असे होते तिथे त्यांचे पूर्ण नाव घातले आहे. येत्या सोमवारपासून मी दुसरीकडे राहायला जात आहे. पत्ता निवेदिताजवळ आहे.

वरील सर्व मजकूर मी पुन्हा वाचला. तो माझ्या इच्छेप्रमाणे आहे. खालील दोन साक्षीदार एकाच वेळी हजर असताना मी सही केली आणि त्यांनी माझ्यासमोर केली. दोघांनाही या मृत्युपत्रातून काही मिळत नाही.

(सही) मधुमती अवधूत सबनीस

साक्षीदार: साकेत रमाकांत पोंक्षे, सॉफ्टवेअर इंजिनिअर, मँचेस्टर (सही)
साक्षीदार: रेखा दिनकर वझलवार, निवृत्त परिचारिका, मँचेस्टर (सही)

ठिकाण: मँचेस्टर
दिनांक: १४ मे २०२५