शेवटच्या खुंटीवरचं कवच

ता. ११, मंगळवार

प्रिय धाकटे,

ताईचे अनेक आशीर्वाद. तुझं पत्र केव्हाच पोचलं. उत्तराला उशीर झाला, रागावू नकोस. माझी तब्येत ठीक आहे. गुडघे कुरकुरतात, पण त्यांना मी आता घरातलं माणूस समजते, बोलू देते. कवचांच्या दालनाचं छप्पर एकदाचं दुरुस्त झालं. नव्या पर्यवेक्षक बाई आल्या आहेत आणि त्यांना सगळं चकचकीत हवं असतं. परवा म्हणाल्या, "या कवचांवरचे पोचे ठोकून सरळ करून घ्या." मी म्हटलं, "बाई, ही काय घरातली भांडी आहेत? पोचे गेले तर उरलं काय त्यांचं?" तेव्हापासून माझ्याशी जरा जपून बोलतात.

तुझ्या लेकीचे दिवस भरत आलेत, हे वाचून आनंद झाला. तिचंही पत्र आलं होतं मला. छोटंसंच. त्यावर नंतर लिहिते.

तू विचारलंस की तुमच्या चौकात गाणारे येतात, साती अर्धदेवांच्या मरणाची गाणी म्हणतात, त्यातलं खरं किती. "ताई, तू त्यांच्या कवचांना अस्तरं शिवलीस, तुला ठाऊक असणार," असं तू लिहिलंस. अगं, गाणाऱ्यांच्या जिभेला हाड नसतं. ऐकणाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या की ते आणखी एक डोंगर फोडतात. मला ठाऊक आहे तेवढं सांगते.

थोरल्याला सूर्याने उचलून नेलं, असं गाण्यात आहे ना? सूर्याने काहीही नेलं नाही. पलीकडच्या लढाईतून माघार घेताना आकाशदार मिटायला लागलं, तेव्हा मागच्यांना आत येता यावं म्हणून त्याने ते खांद्याने धरून ठेवलं. सगळे आत आले आणि दार त्याच्यावर मिटलं. कवच परत आलं तेव्हा उजवा खांदा कागदाच्या बोळ्यासारखा झाला होता. मापं घेताना गुदगुल्या होतात म्हणून हा माणूस लहान मुलासारखा ओरडायचा. ते कुठल्या गाण्यात नाही.

डावखुरी तारा झाली म्हणतात. ती आमच्याच रुग्णालयात, खिडकीजवळच्या खाटेवर गेली. शेवटी तिला दुसरी उशी हवी होती. परिचारिका आणायला गेली, येईपर्यंत आटोपलं होतं. अर्धदेव म्हणजे अर्धाच देव गं. उरलेला अर्धा आपल्यातला असतो, त्याला सर्दी होते, त्याला उशी लागते.

मुका आणि पोहणारा समुद्रात गेले. गाण्यात समुद्र दुभंगून त्यांना वाट देतो. दुभंगला होता हे खरं, पण तो त्यांच्यावरच मिटला.

राहिले जुळे. एक डोंगरकड्यावर पडला. दुसऱ्याने त्याला पाठीवर घालून इथवर आणलं, अंगणात खाली ठेवलं, मग स्वतःचं कवच उतरवलं. पट्टे एकेक करून सोडले, भाग नीट रचून ठेवले आणि नुसत्या मोज्यांवर फाटकाबाहेर चालू लागला. कुणी अडवलं नाही. गाण्यात तोही भावाच्या दुःखाने प्राण सोडतो. आम्ही त्याला प्राण सोडताना पाहिलेलं नाही. त्याचं कवच मात्र थोड्याच दिवसांत गार पडलं आणि नियमाप्रमाणे त्याची घंटा वाजली.

तुला हा नियम पाठ आहे, तरी आज पुन्हा लिहिते, कारण माझं मलाच तो वाचायचा आहे. प्रत्येक कवचाच्या छातीच्या पत्र्याखाली त्यांच्या आकाशातल्या बापाकडून आलेली ठिणगी असते. मालकापासून तुटलं की कवच आपली वाट आपण शोधत परत येतं, रिकामंच, पावलं टाकत. मालक जिवंत असेतो पत्रा कोमट राहतो. तो गार पडला की मालक गेला. मग घंटा. घंटा वाजली की त्याच्यातला देवाचा अर्धा भाग मोकळा होऊन बापाकडे जातो. आणि त्याच क्षणी आकाशदार त्याला विसरतं. चुकून तो पलीकडे जिवंत असला, तर त्याच्यासाठी ते पुन्हा उघडत नाही. म्हणून आईने हो म्हटल्याशिवाय दोरीला कुणी हात लावत नाही.

आता सातवा. त्याचं गाणं मी ऐकलेलं नाही, ऐकायचंही नाही. त्यात त्याला 'अखेरचा वीर' म्हणतात असं कळलं. तुझ्या पोराला, आपल्या ढब्बूला! जो जेवण झालं की पोट सुटतं म्हणून कवचाचा खालचा पट्टा कधी लावायचा नाही. मी ओरडायचे, तो म्हणायचा, "मावशी, शत्रू काय माझं पोट बघायला येणार आहे का?" त्याचा बाप आपल्या घरी आलेला एकुलता एक आकाशातला जावई, तोही जेवायला थांबला नाही. त्यामुळे हे खाणं त्याने कुणाचं घेतलं, हा प्रश्नच नव्हता.

धाकटे, तुझ्या एव्हाना लक्षात आलं असेल. दर पत्रात मी पहिली ओळ तीच लिहिते: कवच गरम आहे. आज लिहिली नाही. तू पहिल्या ओळीपासून तेवढंच शोधत असशील, आणि मी तुला छप्पर आणि पर्यवेक्षक बाई सांगत बसले. क्षमा कर. पेन तिथे जाईना.

झालं असं. ढब्बूचं कवच आलं तेव्हा दालनात जागा नव्हती म्हणून ते पूर्वेच्या भिंतीवरच्या शेवटच्या खुंटीवर टांगलं. त्यानंतर वर्षभर मी ते एकदाही खाली काढलं नाही. बाकीच्यांची अस्तरं मी उसवते, शिवते, ऊन दाखवते, पण याला फक्त रोज सकाळी हात लावायचा. हात पोळेल इतकं नाही, इस्त्री केलेले कपडे असतात तसं गरम. मी डोळे मिटून उभी राहायचे आणि मग कामाला लागायचे. हलवलं तर काही बिघडेल अशी भीती होती. देवळातल्या मूर्तीला कुणी हलवून बघतं का, तसं.

पण या नव्या पर्यवेक्षक बाईंनी सगळी कवचं तपासायला काढली. याचं अस्तर पाठीच्या बाजूने वाळून तडकलेलं दिसलं. मला नवल वाटलं. ठिणगी असते छातीत, आणि वाळली पाठ? मी ते उतरवून खिडकीजवळच्या मेजावर ठेवलं आणि जेवायला गेले. परत येऊन हात लावला, तर गार. तशीच उचलून पुन्हा खुंटीवर टांगलं आणि समोर बसून राहिले. दुपार कलली तसं ते पुन्हा कोमट झालं. क्षणभर मी हसले, खोटं कशाला सांगू. मग उठून भिंतीला हात लावला. भिंत गरम होती.

भिंतीपलीकडे भट्टीघर आहे. भट्टीवाला डबा खात बसला होता. भिंतीलगत एक जुना वाफेचा नळ जातो, कित्येक वर्षं बंद होता. आता तो फुसफुसत होता.

"हा नळ कधीपासून चालू आहे?" मी विचारलं.

त्याने हातातला घास डब्यात ठेवला. "तुम्ही आजारी होतात ना मावशी, तेव्हापासून." इथे सगळे मला मावशीच म्हणतात.

"कुणी सांगितलं होतं?"

"कुणीच नाही. कवच नुकतंच आलं होतं आणि तुम्ही तापाने पडलेल्या. मी पुसायला गेलो, हात लागला तर गार. म्हटलं, ही बाई उठून येईल ती पहिला हात इथेच ठेवेल. मला बघवलं नसतं. एका दिवसापुरता नळ सोडला. खरंच सांगतो, एकाच दिवसापुरता. मग तुम्ही आलात, हात ठेवलात आणि तुमच्या डोळ्यांत पाणी आलं, वर हसलात. मग बंद कसा करू?"

"मेल्या," मी म्हटलं, "माझी बहीण तिकडे वर्षभर दार उघडं टाकून बसलीय रे!"

मी विचारलं, "गार होतं, हे नक्की?"

"कडाक्याची थंडी होती तेव्हा. दाराची कडीसुद्धा गार लागायची. मावशी, शपथेवर विचाराल तर मला नाही सांगता येणार."

त्याच्या कानाखाली वाजवावी असं वाटलं, आणि त्याच्याच खांद्यावर डोकं टेकून रडावं असंही वाटलं. दोन्हीपैकी काही केलं नाही. नळ बंद कर, एवढं सांगितलं. त्याने उठून केला. माणूस वाईट नाही तो. वाईट असता तर सोपं गेलं असतं.

त्यानंतर मी रोज हात लावते आहे. म्हणूनच पत्राला उशीर झाला. कवच गार आहे, धाकटे. काल गार होतं, आजही गार आहे.

आता तू म्हणशील, त्या जुळ्याचं कवचही गारच पडलं होतं ना? त्याची पुढची गोष्ट मी तुला आजवर सांगितली नव्हती. आमचा पोस्टमन सांगतो, एका बंदरावरच्या बाजारात छत्र्या दुरुस्त करणारा माणूस त्याने पाहिला, गालावर त्या जुळ्याच्या होता तसाच व्रण, आणि पायांत नुसते मोजे. पोस्टमनचं बोलणं म्हणजे निम्मं सोडून द्यावं. पण निम्मं उरतंच. गार कवच म्हणजे मरण, हा नियम मूठभर कवचं बघून माणसांनीच केलेला आहे. हे मी लपवू शकले असते. तुला सोपं जावं म्हणून लपवणारही होते. पण त्या भट्टीवाल्याने आपल्याला सोपं जावं म्हणूनच तर नळ सोडला होता.

तरीही मला काय वाटतं, ते तू विचारणारच, आणि मोठ्या बहिणीने इतकी वर्षं मोठेपणा मिरवला, तर आज तोंड फिरवून चालणार नाही. त्या जुळ्याने कवच आपल्या हाताने उतरवलं होतं, सगळे पट्टे सोडून. ढब्बूचं कवच आलं ते पट्टे आवळलेलं. आत तो नाही, आणि पट्टे जिथल्या तिथे. खालचासुद्धा. मी त्या दिवशीच ते पाहिलं होतं आणि मनाच्या मागे लोटलं होतं. ज्या पोराने तो पट्टा आयुष्यात कधी लावला नाही, त्याने त्या सकाळी लावला. पुढे काय आहे हे त्याला माहीत होतं गं. त्याची तयारी झाली होती. आपलीच झाली नाही.

आपला ढब्बू गेला, धाकटे. मला असंच वाटतं. माझी चूक असू शकते. पण मला असंच वाटतं, आणि हे लिहिताना माझा हात मोडला असता तरी बरं झालं असतं.

आता तुझ्या लेकीच्या पत्राचं. तिने लिहिलंय, "मावशी, आईला सांग ना. ती म्हणते, तू ये, मी घर सोडून येणार नाही, तो आला आणि दाराला कुलूप असलं तर? मावशी, मलाही आई हवी आहे." इतकंच. मी ते पत्र पुन्हा पुन्हा वाचलं. भट्टीवाल्याच्या नळाने कवच तापलं असेल, पण तुला त्या दाराशी खिळवून ठेवलं ते माझ्या पत्रांतल्या ओळीनेच. पोर पहिलटकरीण आहे, घाबरलेली आहे, आणि तिच्यात देवाचा काही भाग नाही. ती सगळीच्या सगळी आपली आहे.

नियमाने घंटेची दोरी आईने ओढायची, नाहीतर मावशीने. 'माय मरो पण मावशी जगो' ही म्हण ज्याने काढली त्याला ही मावशी अभिप्रेत नसणार, पण काम माझ्याकडेच आलंय. तू इकडे येऊ नकोस. गार लोखंडाला हात लावायला एवढा प्रवास करू नकोस. मी ओढेन. वाजवली आणि तो पलीकडे जिवंत निघाला, तर ते माझ्या डोक्यावर, तुझ्या नाही. नाही वाजवली आणि तो खरंच गेला असेल, तर तो मधल्या मधे लोंबकळत राहील, तेही मला सोसवत नाही.

पर्यवेक्षक बाईंना मी अजून काही सांगितलेलं नाही. आधी तुला कळायला हवं होतं. तू नाही म्हणालीस तर मी दोरीला शिवणार नाही. कवच खुंटीवरच राहील आणि मी रोज सकाळी हात लावेन, माझे हात चालताहेत तोवर. त्यावरून तुला कधी बोलणार नाही.

पण तुझं हो असेल तर ते लिहू नकोस. आईच्या हातून तो शब्द लिहवणार नाही, आणि मला तो वाचवणार नाही. तू फक्त दाराला कुलूप लाव, किल्ली शेजारी दे आणि लेकीकडे जा. पोचलीस की तिथून मला चार ओळी टाक, काहीही लिही, तिला काय खावंसं वाटतं ते लिही. पाकिटावर तिच्या गावचा शिक्का दिसला की मी समजेन. पाकीट न फोडता खिशात ठेवीन, हात धुऊन जाईन आणि दोरी ओढेन.

तुझ्या पत्राची वाट पाहणारी, आणि ते येऊ नये असंही वाटणारी,

तुझी
ताई