मागच्या झाकणातल्या तारखा

प्रिय जावईबापू,

हा मायना वाचून तू पाकीट उलटून पत्ता पुन्हा बघशील, मला माहीत आहे. पत्ता बरोबर आहे. जावयाला अहो-जाहो करतात. मी तुला पहिल्या दिवसापासून अरे-तुरे केलं, आणि ते काही आपलेपणाने नव्हतं, हे तुलाही ठाऊक आहे. आज मात्र आपलेपणाने करतोय, तेव्हा चालवून घे. सहा वर्षांत मी तुला लिहिलेलं हे दुसरं पत्र. पहिल्याचा विषय शेवटी काढतो, कारण त्यासाठी मला अजून थोडा धीर गोळा करायचाय.

आधी खुशाली. तुझ्या सासूबाई आता जिना चढतात. मधल्या पायरीवर एकदा टेकतात आणि टेकल्या टेकल्या मला जिन्यातला बल्ब बदलायची आठवण करतात, म्हणजे प्रकृती सुधारते आहे. परवा डॉक्टरांनी सगळे कागद चाळून सांगितलं की त्या दिवशी अर्धा तास जरी उशीर झाला असता, तरी गोष्ट हाताबाहेर गेली असती. हिने मान डोलावली. तो अर्धा तास कोणामुळे वाचला, हे तिथे बसलेल्यांपैकी फक्त मला ठाऊक होतं.

आमच्या मोटरसायकलचा आजार तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे, तरी माझ्या बाजूने ऐक. सकाळी गार असताना अर्ध्या किकमध्ये सुरू. पण वीस मिनिटं चालवून थांबवली, की नंतर पोटरी भरून येईपर्यंत किका मारा, हूं नाही की चूं नाही. अर्धा तास सावलीत उभी केली, की जसं काही झालंच नव्हतं! तुझ्या सासूबाई तिला सवत म्हणतात. तापली की रुसते, आणि रुसली की हे तिच्याजवळ उकिडवे बसून राहतात, मी रुसले तर पेपर वाचतात, असं त्यांचं म्हणणं. मी घड्याळजी माणूस, एका वेळी एकच गोष्ट तपासायची, ही माझी जन्माची सवय. इंजिन तापलेलं असतानाच प्लग काढून ठिणगी बघितली, चांगली निळी होती. टाकीचं झाकण उघडून बघितलं, पेट्रोल नीट उतरत होतं. कार्बोरेटर साफ केला. प्लग बदलला, वायर बदलली. फक्त एक गोष्ट तपासली नाही, कारण ती मी स्वतः केली होती.

त्या इंजिनच्या डोक्यावर दोन गोल झाकणं आहेत, आणि त्यांच्याखाली टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्ह दाबून उघडणारे स्क्रू. टॅपेट आणि व्हॉल्व्ह यांच्यात कागदाएवढी फट असते आणि त्या फटीमुळे इंजिन टिकटिकतं. आता चाळीस वर्षं ज्याने कानावर पोट भरलं, त्याला ती आडवीतिडवी टिकटिक कशी सहन व्हावी? मला ते लंगडं घड्याळ वाटायचं. मी झाकणं उघडली, स्क्रू फिरवला आणि आवाज पूर्ण बंद होईपर्यंत फट मिटवून टाकली. इंजिन लोण्यासारखं फिरायला लागलं. खूश होऊन मी पुढचं झाकण आतून पुसलं आणि त्यावर सुईने तारीख कोरली. आम्हा घड्याळजींची ती रीतच. घड्याळ दुरुस्त केलं की पाठीच्या झाकणात, गिऱ्हाइकाला दिसणार नाही अशी बारीक तारीख टाकायची, म्हणजे पुढच्या कारागिराला कळतं की आधी कोणाचा हात लागलाय.

त्यानंतरच गाडी तापल्यावर रुसायला लागली. गार असताना उत्तम चालत होती, म्हणून माझ्या डोक्यात उजेड पडला नाही. मी तुला बोलावलं नाही, हिने परस्पर लेकीला सांगितलं. तू रविवारी आलास, जिन्याखालीच काम केलंस आणि प्लगची कॅप सैल होती असं सांगून गेलास. गाडी सुधारली, पण टिकटिक परत आली. मग मी पुन्हा स्क्रू पिळला, पुन्हा तारीख टाकली, गाडी पुन्हा रुसली आणि तू पुन्हा आलास. असं तीनदा झालं. दर वेळी मी हिला ऐकवायचो की गॅरेजवाल्याचा हात लागला की गाडी वाजायला लागते, कामात सफाई म्हणून नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच.

तिसऱ्यांदा तू येऊन गेलास तोही रविवारच. सोमवारी मी पाना घेऊन खाली उतरणार होतो, तर पायमोजा घालताना कंबर धरली. त्या कंबरेला मी आता रोज हात जोडतो. कारण मंगळवारी दुपारी कंबरेला पट्टा बांधून आम्ही गावाच्या दुसऱ्या टोकाला हिच्या बहिणीकडे निघालो. पंचवीस मिनिटं गाडी चालवली आणि पेट्रोल भरायला थांबलो. हिला उतरवलं, तर ती पंपाच्या कट्ट्यावरच बसली. चेहरा घामाने डबडबलेला. डावा हात जड झालाय म्हणाली, आणि वर, मला म्हणे, काही नाही, पित्त असेल. पंपावरच्या माणसाने रिक्षा शोधायला धाव घेतली, पण रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. मी गाडीकडे बघितलं. इंजिन इतकं तापलेलं की हात लावला तर भाजेल. आयुष्यात इतक्या भीतीने मी कधी किक मारली नव्हती. पहिल्याच किकला सुरू झाली. पंपावरची मुलगी हिच्या मागे बसली आणि तिने आम्हा दोघांना धरून ठेवलं. दहा मिनिटांत आम्ही दवाखान्यात होतो.

एवढं होऊनही तुझा सासरा सुधारला असं समजू नकोस. ही घरी आल्यावर आठवड्याने मी पुन्हा पाना काढला. टिकटिक होतीच ना! सुंभ जळला तरी पीळ जळत नाही तो असा. पण या वेळी हात रिकामे होते म्हणून दोन्ही झाकणं रॉकेलने स्वच्छ धुतली. मागचं झाकण मी आजवर कधी पुसलंच नव्हतं. डोळ्याला भिंग लावून बघितलं, तर आत तीन तारखा. माझ्या नव्हेत. तिन्ही रविवारच्या, माझ्या प्रत्येक तारखेनंतरच्या. आणि तिसरीच्या खाली, इतक्या बारीक अक्षरात की माझ्यासारख्यालाच वाचता यावं: बाबा, एवढी फट राहू द्या.

मी पाना पेटीत परत ठेवला. लोखंड तापलं की फुगतं, त्याला जागा लागते. जागा नसेल तर व्हॉल्व्ह मिटत नाही आणि इंजिनचा दम निघून जातो. हे मला न कळायला काय झालं होतं? घड्याळाच्या प्रत्येक चाकाला हलायला केसभर जागा सोडायची, हे मी जन्मभर दुसऱ्यांना शिकवत आलो. लोका सांगे ब्रह्मज्ञान! तू मला माझी चूक तोंडावर सांगू शकला असतास. तू ती माझ्याच रीतीने, फक्त मला दिसेल अशी लिहून ठेवलीस. आणि बाबा लिहिलंस. मोठ्याने तसं म्हणायची मी तुला कधी सोय ठेवली नव्हती.

आता ते पहिलं पत्र. लग्नाच्या आठ दिवस आधी मी ते तुझ्या गॅरेजवर धाडलं होतं. लग्न मी थांबवू शकत नाही, पण तुझे वंगणाचे हात माझ्या दाराच्या बेलला लागता कामा नयेत, असं त्यात होतं. तू उत्तर दिलं नाहीस, फक्त ते पाळलंस. सहा वर्षं लेक एकटी वर येते आणि तू खाली उभा. हिला वाटतं तू बुजरा, लेकीला वाटतं तुला गाड्या सोडून करमत नाही. दोघी तुला त्यावरून हसायच्या आणि मीही त्यांच्याबरोबर हसायचो. दवाखान्यातून हिला आणलं तेव्हा खुर्चीत बसवून तू तिला उचलून वर आणलंस, खुर्ची उंबऱ्याच्या आत ठेवलीस आणि खाली गाडी आडवी लावलीय म्हणून मागे फिरलास. काल मी दोघींना सगळं सांगितलं. लेक रडली. संध्याकाळी ही एवढंच म्हणाली की अपमान पत्राने केलात, तर माफीही पत्रानेच जाऊ द्या, लेखी. म्हणून हे पत्र. मी चुकलो, मला माफ कर. माझं माणूस मला परत दिलंस, त्याचे उपकार मी फेडू शकत नाही आणि फेडायचेही नाहीत. या रविवारी सकाळी, इंजिन गार असताना ये. फट तू लाव, तारीख पुढच्या झाकणात माझ्या तारखेशेजारी टाक. मग हात न धुता वर ये आणि बेल वाजव. बटण पांढरं आहे. त्यावर डाग पडला तर मी तो पुसणार नाही.

तुझाच,
बाबा