तांब्यावरचा ठसा

प्रिय योगिनीआत्या,

तुझा पत्ता घरात कुणी सांगत नाही, म्हणून हे पत्र माझ्याजवळच राहील.

बी.कॉम.ला मी मायनर म्हणून प्राचीन लिपी घेतलीय. दुपारी पांडवलेण्याच्या गार ओसरीत बसलं की दोन हजार वर्षांपूर्वीची माणसं भिंतीतून हळूच सांगतात, हे दान अमक्याचं, आईबापांच्या पुण्यासाठी. मला ते आपल्या भांड्यांवरच्या नावांसारखंच वाटतं.

सरांनी घरी ठसा घ्यायचा सराव करायला सांगितला. मी माझ्या बारशाला तू पाठवलेला तांब्या घेतला. बारशाला नाव आत्याच ठेवते, पण अरसलानकाकांशी लग्न केलंस म्हणून तुला बोलावलंच नव्हतं.

तांब्यावर कागद गुंडाळून पेन्सिल फिरवली. इतकी वर्षं घासून अक्षरं पुसट झालेली, तरी धुक्यातून कुणी चालत यावं तसं ‘योगिनी’ वर आलं.

तेवढ्यात पप्पा आले. तुझं नाव ते कधीच घेत नाहीत. त्यांनी कागद खिडकीच्या उजेडात धरला आणि बराच वेळ बघत राहिले.

“पुढे ‘व अरसलान’ आहे,” ते म्हणाले. “ते उमटलं नाही. परत घे.”

आणि तांब्या हलू नये म्हणून त्यांनी तो दोन्ही हातांनी धरून ठेवला.

तुझी न भेटलेली भाची,
शर्वरी