लाल्यावरचं औषध

१८ सप्टेंबर १९९३

नाल्याकाठच्या वावरात लाल्या पडला. कपाशीची पानं शिरा सोडून लालभडक. कृषी केंद्रातला जीवराम म्हणाला, "मॅग्नेशियम कमी पडलंय, अभिमनभाऊ." लगेच मॅग्नेशियमची गोणी आणली, फवारलं. वेळेवर ओळखलं की पीक वाचतं.

घरात सुंदरबाईचं रडगाणं चालूच. वर्षभर पोट बिघडलेलं, तीन महिन्यांपासून म्हणे हातही आखडतात. बायकोचं गाऱ्हाणं ऐकत बसलो तर शेती कोण करणार?

२९ सप्टेंबर

भाकरी थापता थापता तिची बोटं चोचीसारखी जुळली. "मना हात उघडत नही. बठ्ठं आंग दुखस." सगळं अंग दुखतं म्हणे. मी एकेक बोट धरून उघडलं. किंचाळली. शेजारच्या भिकुबाई धावत आल्या — "तिले दवाखानामा लई जाय, भाऊ." झालं, नाटकाला प्रेक्षक मिळाला! तीन महिने जळगावच्या डॉक्टरच्या कॅल्शियमच्या गोळ्या चालू आहेत, फरक शून्य. फेकत असणार.

८ ऑक्टोबर

गेल्या आठवड्यात जळगावच्या डॉक्टरने तिचं रक्त घेऊन तपासायला मुंबईला पाठवलं होतं. आज कागद हातात दिला. मॅग्नेशियम फार कमी! जुलाबांवाटे गेलं म्हणे. ते भरून निघाल्याशिवाय कॅल्शियम अंगात टिकत नाही. "आजच दाखल करा, सलाइनमधून द्यावं लागेल. झटके येतील, हृदयसुद्धा बंद पडेल."

म्हणजे गोळ्या फेकत नव्हती. बरं.

पण वेचणी तोंडावर. दोन सालदारांच्या भाकरी कोण थापणार? आणि औषध तर माझ्याच गोठ्यात पडलंय — अर्धी गोणी. घरी घेऊन आलो तिला.

९ ऑक्टोबर

सकाळ-संध्याकाळ दोन-दोन चमचे, पाण्यात. "कडू शे," म्हणाली. नाक दाबून पाजलं.

११ ऑक्टोबर

ते पाजल्यापासून जुलाब वाढलेत, थांबत नाहीत. तिला उठवत नाही. भाकरी भिकुबाईंनी थापल्या आणि मला चार शब्द सुनावून गेल्या.

१२ ऑक्टोबर

दुपारी झटका आला. डोळे पांढरे. घाबरलो, खरंच घाबरलो. जीप केली. जळगावला नेलं असतं तर त्या डॉक्टरने मला उभं-आडवं घेतलं असतं, म्हणून धुळ्याला नेलं. इथला डॉक्टर विचारतो, "आधी कुठे दाखवलंय? काही कागद? घरी काय दिलं?" कपाशीचं औषध बायकोला पाजलं, हे सांगू? सगळा तालुका हसेल. "काही नाही," म्हटलं.

त्याने कॅल्शियम टोचलं.

१३ ऑक्टोबर

सकाळी साडेनऊला गेली. त्याआधी डॉक्टर दोनदा येऊन विचारून गेला. जळगावचा कागद माझ्या सदऱ्याच्या खिशात होता.