अण्णांनी सदरा काढला

अणदूर

प्रिय शिवा,

माझं पत्र बघून घाबरू नकोस पोरी, सगळे सुखरूप आहोत. तुझी वहिनी आरोही आठव्या महिन्यातच बाळंत झाली. पोरगं ओंजळीत मावेल एवढं. तिला झटके आले म्हणून वेगळ्या वॉर्डात ठेवलं, तुझा भाऊ तिच्यापाशी. मला खोकला. सिस्टर म्हणाल्या, बाळाला कुणीतरी उघड्या छातीशी धरून ऊब द्या, तरच ते तगेल. उरलं कोण? तुझे अण्णा. तुम्हा दोघा भावंडांना चालता येईपर्यंत ज्यांनी हात लावला नव्हता, ते.

सदरा काढा म्हटल्यावर ते दाराकडं बघायला लागले. सिस्टरनं तंबाखूची पुडी काढून घेतली, आंघोळीला पिटाळलं आणि बाळंतिणींच्या रांगेत खुर्चीत बसवून लेकरू छातीशी बांधलं. बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या. अण्णांना अंगाई कुठली येतेय? बैलाला चुचकारतात तसं चुचकारत बसले. पोरगं झोपलं. मग मात्र उठायलाच तयार नाहीत.

आता घरी आलोय. आरोही बरी आहे. दूध तिचं, ऊब आळीपाळीनं, पण अण्णा आपला नंबर सोडत नाहीत. कडूआत्या मध चाटवायला आली, तर म्हणाले, "आईच्या दुधाबिगर कायबी न्हाय. आन् आदी हात धू, साबणानं." आत्या रुसून गेली. शेजारचा उत्तरेश्वर बांधाचं भांडण घेऊन आला. बाळ उठेल म्हणून अण्णा कुजबुजत बोलले, तर तोही कुजबुजत शिव्या द्यायला लागला. असं भांडण किती टिकणार? चहा पिऊन गेला.

तू सैफशी लग्न केल्यापासून या घरात तुझं नाव मीही हळूच घेते. काल बाळाचं वजन वाढलेलं बघून आम्ही दवाखान्यातून परतलो. त्याची टोपी सारखी करता करता अण्णा एकदम म्हणाले, "शिवाला सातवा लागला असंल न्हाय?" मी त्यांना कधीच सांगितलं नव्हतं. कुणाकडं चौकशी करत होते, देव जाणे. मग म्हणाले, "पयलं बाळंतपण माहेरी असतंय. फोनवर तुमी दोघी नुसत्या रडत बसाल, पत्र लिही. आन् जावयालाबी बोलव."

जावयाला म्हणाले, शिवा. मी दोनदा विचारून खात्री करून घेतली.

वाट बघणारी तुझीच,
आई