लिंबाखालची रताळी

॥ श्री ॥
लातूर, ता. ९ ऑगस्ट १९९८

चि. सौ. नीलम्मा हिस गोदावरीवहिनीचे अ. आ.

पत्र पोचलं. पाकिटावर तू पुन्हा माझ्या नावामागं गं. भा. लिहिलंस. तुझा भाऊ गेल्याचं पोस्टमनला दर खेपेला कळवायला नको. नुसतं गोदावरी लिहिलं तरी पत्र येतं.

तुझा सर्वेश बरा आहे. पहाटे क्लास, मग कॉलेज, संध्याकाळी पुन्हा क्लास. आमच्या गल्लीत आता घरटी दोन-दोन पोरं राहतात. पहाटे कोंबड्याआधी सायकलींच्या घंट्या वाजतात. पोरगं भाकरी नीट खातं, पण बोलायला गेलं की ताटात बघतं.

काळजी वेगळीच आहे. मागच्या अंगणातला कडुलिंब पानं गाळून राहिला. लिंबानं फाल्गुनात गळावं, श्रावणात नव्हे. यांनी घर बांधलं त्या साली लावलेलं झाड. भूकंपानंतर सगळं लातूर रस्त्यावर झोपत होतं, तेव्हा मी त्याच्याखाली बाज टाकून दोन हिवाळे काढले. त्या दिवसांत डोक्यावर छत नको वाटायचं, झाड चालायचं.

दुसरं असं की, त्याच लिंबाखाली, आपल्या खोलीच्या भिंतीला लागून, सर्वेशनं रताळ्याचे वेल लावलेत. मी त्याला सांगितलं की बाबा, रताळ्याला ऊन लागतं, सावलीत नुसता पाला माजतो, खाली दोऱ्यासारख्या मुळ्या राहतात. तर म्हणे मामी, पाला आला तरी चालंल. रताळी लावून पाल्यावर खूश होणारा माणूस मी पहिल्यांदा पाहिला. त्याच्या नखांत माती असते, आणि कुदळ जागेवर सापडत नाही. तुला काही माहीत असलं तर कळव.

जावईबापूंना नमस्कार. आठवण ठेवतेस तशीच ठेव.
तुझी
गोदावरीवहिनी


॥ श्री ॥
नांदेड, ता. २० ऑगस्ट १९९८

ती. वहिनींना नीलम्माचा शि. सा. न. वि. वि.

या खेपेला पाकिटावर नुसतं नाव लिहिलंय. पोचलं तर तुमचं खरं.

वहिनी, वाचनालयातल्या रहस्यकथा जरा कमी करा. आता तुम्ही झाडावरसुद्धा पाळत ठेवायला लागलात! पण खरं सांगू, मीही त्याची पत्रं पुन्हा पुन्हा वाचत बसते. क्लासमधल्या परीक्षेचे मार्क विचारले की सर्वेश लिहितो, अजून पेपर दिले नाहीत. शेजारच्या बाईंचा मुलगा त्याच क्लासला आहे, त्याला बरे मिळाले! एखादी मुलगी तर नाही ना? त्याचं दप्तर एकदा पालथं घाला. वह्यांच्या मधेही बघा. मी दर रविवारी फोनवर विचारतेच, पण तुम्ही तिथं आहात.

आणखी एक. रागावू नका. संगप्पादादा आषाढात मुरुडहून इकडं आला होता. म्हणत होता, लिंब काढला तर तिथं पोरांसाठी तीन खोल्या निघतील, आणि नाहीतरी त्याच्या मुळ्या भिंतीखाली गेल्यात. मी हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही.

आमच्या देगलूरच्या आत्यानं शेजाऱ्याची चिंच बुंध्यात हिंग भरून वाळवली होती, असं घरात अजून कुजबुजतात. आपली हिंगाची डबी एकदा उघडून बघा.

तुमची माया कमी होऊ देऊ नका.
तुमची
नीलम्मा


॥ श्री ॥
लातूर, ता. ६ सप्टेंबर १९९८

चि. सौ. नीलम्मा हिस अ. आ.

पाकीट पोचलं. पोस्टमननं एक शब्द विचारला नाही.

डबी बघितली. हिंग कमी वाटला, पण लोणचंही मीच घातलं होतं. लिंबाच्या बुंध्यावरून सगळीकडून हात फिरवला, भोक कुठंच नाही. मग माझ्या ध्यानात आलं की झाड सगळं वाळत नाही. सर्वेशच्या खोलीवरच्याच फांद्या वाळल्यात, मागच्या रस्त्याकडच्या हिरव्या आहेत. विष घातलं असतं तर झाड सगळंच गेलं असतं. हे काहीतरी एका बाजूनं चाललंय.

विद्यापीठाची शेतीची पुस्तिका आणून वाचली. लिंबाला पहिली दोन वर्षं पाणी द्यायचं, मग त्याला त्याच्यावर सोडायचं, त्याच्या मुळाशी जायचं नाही. रताळ्याची सगळी कमाई मुळाशी, तिथं माती भुसभुशीत करायची, वेल उचलून उचलून ठेवायचे आणि शेवटी खणून काढायचं. एकाचं मूळ दिसलं की नुकसान, दुसऱ्याचं दिसल्याशिवाय पोट भरत नाही. या दोन जाती एका जागी लावणाऱ्याला शेती तरी येत नाही, नाहीतर त्याला शेती करायचीच नाही. ते वेल कुठून आणलेस म्हणून विचारलं, तर संगप्पामामानं दिले म्हणाला.

संगप्पाभाऊजी पोळ्याला येऊन गेले. चहा अंगणात घेतला, नजर सगळा वेळ लिंबावर. नंतर बघते तर सर्वेशच्या खोलीतलं कॅलेंडर तिरकं. मी ते सरळ बघूनच खिळ्याला लावलं होतं, ते आपोआप हलत नाही. आणि तुझा मुलगा आताशा त्या खोलीत झोपत नाही, माजघरात अंथरूण ओढून आणतो. उकडतं म्हणतो. उकडायला सप्टेंबर आहे का?

दप्तर मी पालथं घातलं नाही, घालणारही नाही. पण तुला सरळ विचारते. पोराला माझ्याकडं शिकायला पाठवलंस, की तुझ्या भावाचं झाड पाडायला?

कडू लिहिलंय. राग आला तरी पत्र टाक.
गोदावरीवहिनी


॥ श्री ॥
नांदेड, ता. १४ सप्टेंबर १९९८

ती. वहिनींना शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र वाचून दिवसभर स्वयंपाकात लक्ष लागलं नाही. लिंब माझ्या गुरुलिंगदादानं लावला. त्याच्यावर मी माझ्याच पोराला घालीन?

ह्यांचं म्हणणं पडलं की जिथं विश्वास नाही तिथं मुलगा ठेवू नये. क्लास काय, आता नांदेडातही निघालेत. दिवाळीला येते आणि त्याला सामानासकट घेऊन जाते. तुम्ही लिंब सांभाळा.

एवढं लिहिलं, आणि आता एक सांगते. तुम्हाला ठाऊक नसावं. भूकंपाच्या पहाटे गावच्या घरात संगप्पादादाच होता. गुरुलिंगदादावरचे दगड त्यानं एकट्यानं हातांनी काढले. तेव्हापासून तो कुठल्या भिंतीला टेकून बसत नाही. आमच्याकडं आला तरी पलंग ओढून खोलीच्या मधे घेतो. आम्ही त्याला हसतो. तुमच्याकडं चहा त्यानं अंगणातच का घेतला, ते विचारलंत कधी?

आशीर्वाद मागायला आज जीभ वळत नाही, तरी द्या.
नीलम्मा


॥ श्री ॥
लातूर, ता. ३० सप्टेंबर १९९८

चि. सौ. नीलम्मा हिस अ. आ.

आजची तारीख तुला सांगायला नको. सकाळी यांच्या फोटोला हार घातला आणि लिहायला बसले.

तुझं पत्र आलं तेव्हा मी रागानं मागच्या अंगणात गेले आणि वेल ओढले. सगळेच हातात आले, एका दमात. खाली रताळं नव्हतं. खाली चर होता, भिंतीच्या कडेकडेनं गेलेला, पालापाचोळ्यानं भरलेला. त्यात लिंबाच्या मनगटाएवढ्या मुळ्या तुटलेल्या. वेल वर नुसते पांघरूण म्हणून होते.

वळून बघते तर सर्वेश दारात. मी ओरडले नाही. त्यामुळं तो जास्तच घाबरला असावा. मग त्यानं सगळं सांगितलं. संगप्पाभाऊजींनी आषाढात त्याला कॅलेंडर उचलून मागची भेग दाखवली. म्हणाले, ही लिंबाच्या मुळीनं पाडली, परत जमीन हलली तर ही भिंत आधी येईल, आणि मामीला बोलू नकोस, झाडात तिचा जीव आहे. पोरानं मनात घेतलं. मूळ खरंच भिंतीखाली गेलंय का ते डोळ्यानं बघायचं ठरवलं. मी देवळात गेले की खणायचा. आडवी आली ती मुळी तोडायचा आणि पुढं बघायचा. माती दिसू नये म्हणून भाऊजींकडून वेल मागून घेतले. अभ्यासाला बसला की नजर भिंतीवर. मार्क तिथं गेले, नीलम्मा. मुलगीबिलगी काही नाही.

मी त्याला विचारलं की सापडलं का भिंतीखाली मूळ. म्हणाला, एक बी न्हाई मामी. सगळ्या जाडजूड मुळ्या न्हाणीच्या पाण्याकडं वळल्यात.

ती भेग भूकंपाची आहे. त्याच पहाटेची. तो भिऊ नये म्हणून मी तिच्यावर कॅलेंडर टांगलं होतं.

आम्ही दोघांनी चर शेणखत घालून बुजवला. झाड एका अंगानं राहील, पण राहील. मग मी त्याला घेऊन जिलानीकडं गेले. यांच्या फोटोला चौकट त्यानंच केली होती. त्याच्याकडून काचेच्या बोटभर पट्ट्या मागितल्या. भूकंपानंतर घरं तपासायला इंजिनिअर आले होते, ते भेगेवर आडवी काच सिमेंटनं चिकटवून जायचे. भिंत केसभर सरकली तरी काच तडकते. मला ते तेव्हाच आवडलं होतं. खणायला नको, ठोकायला नको, जाता-येता बघायचं. कॅलेंडर काढलं आणि दोन जागी काच बसवली. सर्वेश रोज उठून आधी ती बघतो, मग तोंड धुतो. परवापासून अंथरूण खोलीत नेलंय.

तू दिवाळीला ये. न्यायचं की नाही ते इथं राहून ठरव. पण तोवर रविवारच्या फोनवर मार्क विचारू नकोस. जेवलास का, एवढं विचार. बाकी मी बघत असते.

भाऊजी काल आले होते. ते भीतीपोटी बोलले की खोल्यांसाठी, हे मला अजून कळलेलं नाही. दोन्ही असेल. मी त्यांना कॅलेंडरच्या जागी नेऊन उभं केलं. त्यांनी दोन्ही काचांवरून बोट फिरवलं. खोल्यांचा विषय निघाला नाही, पण निघेल, माझी खात्री आहे. जाताना चपला घालता घालता मुरुडच्या घराची एक भिंत जरा तशीच आहे म्हणाले, आणि पट्टी कुठं मिळते ते विचारलं. एक उरली होती, ती कागदात गुंडाळून दिली. ती त्यांनी खिशात नाही ठेवली. हातात धरून बसमध्ये चढले.

वेल काढताना ऊन पडतं त्या टोकाला अंगठ्याएवढं एक रताळं निघालं. उकडून आम्ही दोघांनी खाल्लं. गोड होतं.

आशीर्वाद मागितलेस, ते कधीच दिलेले आहेत.
गोदावरीवहिनी